मुंबई ते लंडन : ७,२०० किलोमीटर आणि दहा तास

पृथ्वीगोलावर मुंबईच्या विमानतळापासून लंडनच्या हीथ्रोपर्यंत दोरा घट्ट ताणून धरला, तर त्याची लांबी सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. सपाट नकाशावर आखलेली सरळ रेघ इराक आणि तुर्कस्तानवरून जाते. हा दोरा मात्र तिच्या बराच उत्तरेला झुकतो आणि कराची, इराण, कॉकेशसचे डोंगर, काळा समुद्र आणि युक्रेन ओलांडून युरोपात शिरतो. गोलाकार पृथ्वीवर सर्वांत जवळची वाट तीच.

परंतु त्या वाटेने आज विमान जाऊ शकत नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्ध सुरू झाल्यापासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. जे.आर.डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपालाच्या थैल्या घेऊन ज्या कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, त्याच कराचीवरून हा दोरा जातो, ही गोष्ट मनाला चटका लावते. मुंबईच्या विमानांना निदान अरबी समुद्रावरून बाहेर पडता येते; दिल्लीहून पश्चिमेला निघणाऱ्यांना याहून मोठा वळसा पडतो.

अंतराइतकाच वाऱ्याचाही हिशेब करावा लागतो. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे झोत वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वाटेतला वारा सरासरी ताशी ५० किलोमीटर धरला, तर तेच ७,२०० किलोमीटर लंडनकडे जाताना सुमारे साडेआठ तासांत आणि परतताना सुमारे साडेसात तासांत कापले जातात. वळसा, धावपट्टीपर्यंतची रांग, चढणे आणि उतरणे हे सारे त्यात मिळवले, की वेळापत्रकातला दहा तासांच्या आसपासचा आकडा येतो. परतीला साधारण तासभर कमी लागतो, तो या वाऱ्यामुळेच.

तिकिटावरच्या वेळा वाचताना मात्र जपावे. लंडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते; त्यामुळे हिवाळ्यातला दहा तासांचा प्रवास कागदावर जेमतेम साडेचार तासांचा दिसतो, आणि घरून निरोप देणाऱ्यांची फोनची वेळ हमखास चुकते.

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले. आता वाटेत थांबा नाही. तरीही गर्दीच्या वेळी लंडनच्या आकाशात बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन या चार ठिकाणी विमाने एकाखाली एक अशा थरांत घिरट्या घालतात. सर्वांत खालच्या विमानाला उतरण्याची परवानगी मिळाली, की वरची एकेक पायरी खाली येतात.