पाच एकर, चार खुर्च्या

(दृश्य : सभागृह, टेबलांवर पुठ्ठ्याची शेतं)

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँक कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण चाललंय. टेबलावर पाच एकर कोरडवाहू रान, खोट्या नोटा आणि पावसाच्या चिठ्ठ्या. चौघांचं मिळून एक घर. एरवी वसुलीला जाणारी ही मंडळी आज कर्जदार आहेत.

मृग लागला. पहिली चिठ्ठी निघते : सरी. पेरायचं की थांबायचं? 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विभागाचा सल्ला यांना तोंडपाठ आहे. पण शेजारच्या टेबलाने कपाशी टोबली, म्हणून हेही टोबतात. पुढच्या चिठ्ठ्या कोऱ्या. दुबार पेरणी. बियाण्याची दुसरी पिशवी आणायची कुठून? बँकेत मागची थकबाकी. उरतं कृषी केंद्र, आणि तिथला उधारीचा भाव वेगळा.

(दृश्य : नोटा मोजणारे हात)

दिवाळीला सोयाबीनचे पैसे येतात, दवाखान्याच्या चिठ्ठीत जातात. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा होते, कापसाचा वेचा सुरू होतो. भाव पडलेला. काही टेबलं कापूस घरातच ठेवतात. विदर्भात असाच घराघरांत कापूस भरलेला असतो. अंगाला खाज सुटते, तरी माणसं त्याच खोलीत निजतात. पण मार्चअखेर येते. मुदतीत फेडलं तर 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं. म्हणजे कापूस आजच विकायचा, मिळेल त्या भावात. ही मुदत शेतकऱ्यांना दरवर्षी हेच कर्मचारी बजावून सांगतात.

(दृश्य : खुर्च्या गोलात)

अमेरिकेत 1969 मध्ये गॅरी शर्ट्स यांनी ‘स्टारपॉवर’ हा खेळ रचला. देवघेवीत पुढे गेलेल्या गटाला त्यात मध्येच नियम ठरवायचा हक्क मिळतो, आणि बहुतेकदा तो गट नियम आपल्याच सोयीचे करून घेतो. तिथेही खरं शिकणं खेळ थांबल्यावर, बोलताना होतं. म्हणून इथेही चर्चेला खेळाइतकाच वेळ दिलाय. ती वगळली तर उरते नुसती करमणूक. आणि वेळ अपुरा पडला की प्रशिक्षणांत पहिली कात्री चर्चेवरच चालते. ते थांबलंच पाहिजे.

सकाळी फळ्यावर प्रश्न होता : कर्ज का थकतं? उत्तरं होती, ‘माफीची वाट पाहतात’, ‘लग्नात उडवतात’.

(मूळ आवाज, चर्चेत शेतकरी झालेला एक कर्मचारी : “अजी साहेब, आमच्या हाती होतं तरी काय?”)

पुढच्या हंगामात या कर्मचाऱ्यांच्या शाखेने पीककर्जाच्या नूतनीकरणाचे अर्ज गावात जाऊन घेतले. आता कृषी सहायक आणि तलाठ्यांनाही या टेबलांवर बसवायचं आहे.