हाडांच्या इंजेक्शनांचे दुष्परिणाम: त्रास केव्हा होतो, हे का पाहावे

ऑस्टिओपोरोसिससाठी, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या आजारासाठी, इंजेक्शन सुचवले की रुग्णाचा पहिला प्रश्न 'याचा त्रास काय होतो?' असा असतो, आणि तो रास्तच आहे. मात्र त्याला जोडून 'तो त्रास केव्हा होतो?' हेही विचारायला हवे. या औषधांच्या बाबतीत काही त्रास तासाभरात होतात, काही दोन-तीन दिवसांत, काही अनेक वर्षांनी. आणि एक गंभीर धोका तर औषध चालू असताना नव्हे, ते थांबवल्यावर उद्भवतो. कोणता त्रास घरी सहन करायचा आणि कोणत्या त्रासासाठी लगेच डॉक्टरांना गाठायचे, हे बरेचसे या वेळेवरूनच ठरते.

वर्षातून एकदा शिरेतून दिल्या जाणाऱ्या झोलेड्रॉनिक ॲसिडपासून सुरुवात करतो, कारण रुग्ण सर्वाधिक घाबरतात ते याच्या तापाला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या होरायझन या मोठ्या चाचणीत पहिल्या डोसनंतर साधारण तीनपैकी एका रुग्णाला ताप, अंगदुखी, सांधेदुखी किंवा डोकेदुखी झाली; दुसऱ्या वर्षी हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास आले आणि तिसऱ्या वर्षी ३ टक्क्यांच्या. हा जंतुसंसर्ग नसतो आणि ॲलर्जीही नसते. औषधामुळे रोगप्रतिकारक यंत्रणेतील विशिष्ट पेशी चेतवल्या जातात आणि ताप आणणारी रसायने रक्तात सुटतात, एवढाच त्याचा अर्थ. हा त्रास बहुधा पहिल्या तीन दिवसांत सुरू होऊन आपोआप ओसरतो. पॅरासिटामॉल चालत असल्यास ते इंजेक्शनच्या दिवशी आणि नंतरचे दोन-तीन दिवस, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात घेतल्यास तो बराच सौम्य होतो. पहिल्या वर्षीच्या तापाला घाबरून दुसऱ्या वर्षीचा डोस नाकारणारे रुग्ण पाहिले की वाईट वाटते, कारण त्रासाचा मोठा वाटा त्यांनी आधीच भोगून संपवलेला असतो. डोळा लाल होऊन दुखू लागला किंवा दिसणे धूसर झाले, तर मात्र ते अंगदुखीच्या खात्यात न टाकता डोळे तपासून घ्यावेत. डोळ्याच्या आतील दाह हा या औषधाचा विरळ पण खरा दुष्परिणाम आहे.

हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. म्हणून क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडे रक्त किती गाळतात याचे माप) मिनिटाला ३५ मिलिलिटरपेक्षा कमी असल्यास ते देत नाहीत, आणि इतरांनाही पुरेसे पाणी पिऊन येण्यास सांगून किमान १५ मिनिटांत, सावकाश देतात. रक्तातील कॅल्शियम व ड जीवनसत्त्व आधी तपासून कमतरता भरून काढणे हा औपचारिकतेचा भाग नव्हे. हाडांची झीज एकाएकी थांबली की हाडांतून रक्तात येणारे कॅल्शियमही घटते. ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या येणे, स्नायूंत गोळे येणे ही त्याची लक्षणे. दर सहा महिन्यांनी त्वचेखाली दिल्या जाणाऱ्या डेनोसुमॅबला मूत्रपिंडाची अशी अट नाही, पण मूत्रपिंडे निकामी होत आलेल्या, विशेषतः डायलिसिसवरच्या रुग्णांत त्यामुळे कॅल्शियम जिवावर बेतण्याइतके उतरू शकते. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२४ साली याविषयी सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा जोडला.

रोज स्वतः टोचून घ्यायच्या टेरिपॅराटाइडचे त्रास तासांत मोजायचे असतात. पहिल्या काही डोसांनंतर, चारेक तासांच्या आत, उभे राहताना चक्कर येऊ शकते. म्हणून सुरुवातीला ते बसून किंवा पडून राहता येईल अशा ठिकाणी घ्यावे. फ्रॅक्चर टाळण्याचे औषध घेऊन कोणी पडले, तर त्याला काय म्हणावे! मळमळ आणि पायांत गोळे येणे हेही होते. डोसनंतर काही तास कॅल्शियम थोडे वाढलेले असते, म्हणून त्याची तपासणी किमान १६ तासांनी करावी, नाहीतर नसलेल्या दोषाची चिंता मागे लागते. रोमोसोझुमॅब या हाडांच्या आणखी एका इंजेक्शनबद्दल एवढेच सांगतो की गेल्या वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्यांना ते देऊ नये.

झोलेड्रॉनिक ॲसिड आणि डेनोसुमॅब यांचे दोन दुष्परिणाम वर्षांनी दिसतात. जबड्याचे हाड उघडे पडून न भरणे आणि मांडीचे हाड फारसा मार न लागता मोडणे, हे दोन्ही ऑस्टिओपोरोसिसच्या डोसांत अतिशय विरळ आहेत, पण त्यांची चर्चा मात्र सर्वाधिक होते. मांडीचे हाड मोडण्याआधी अनेकदा काही आठवडे मांडीत किंवा जांघेत ठणका लागतो. तो गुडघ्याचा किंवा कमरेचा समजून मालिश करत बसू नये. एक्स-रे काढावा, आणि एका बाजूला दोष आढळल्यास दुसरी मांडीही पाहावी.

आता औषध थांबवण्याविषयी. झोलेड्रॉनिक ॲसिड हाडांना चिकटून दीर्घकाळ राहते, म्हणून त्याचा डोस थोडा लांबला तरी फारसे बिघडत नाही. डेनोसुमॅब हाडांत साठत नाही. त्याचा अंमल संपताच झीज पूर्वीपेक्षाही वेगाने सुरू होते, आणि काही रुग्णांत मणक्याची एकाहून अधिक हाडे थोड्याच काळात दबतात. पुरळ उठले, खर्च वाढला किंवा बरे वाटू लागले म्हणून कोणालाही न सांगता हे इंजेक्शन बंद करणे, हाच माझ्या मते या साऱ्या विषयातील सर्वांत महागात पडणारा निर्णय आहे. शेवटच्या इंजेक्शनपासून ७ महिने उलटू देऊ नयेत. आणि ते सोडायचेच असेल, तर त्याच्या जागी दुसरे औषध, बहुधा झोलेड्रॉनिक ॲसिड, कधी सुरू करायचे हे आधी ठरवावे. जबड्याच्या हाडाचा वर सांगितलेला त्रास अनेकदा दात काढल्यानंतर उद्भवतो, म्हणून दात काढायचा असल्यासही वेळेचा हाच हिशेब लावावा. शक्य असेल तर दातांची कामे उपचारांपूर्वीच उरकावीत. नंतर गरज पडली, तर पुढचे इंजेक्शन अनिश्चित काळ लांबवण्याऐवजी मागच्याचा परिणाम ओसरू लागलेला असताना, आणि पुढच्याआधी जखम भरण्यास अवधी राहील अशा बेताने, दात काढण्याची तारीख घ्यावी. त्यासाठी दंतवैद्यांना औषधाचे नाव आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख दोन्ही सांगावी लागते.