नाकुरूची भट्टी: हाडांच्या कोळशाने फ्लोराइडमुक्त पाणी

[दृश्य: आवारात वाळत पडलेली हाडं]

केनियातलं नाकुरू. खाटीकखान्यातून आलेली ही गुरांची हाडं. मांस, चरबी खरवडून काढायची आणि खडखडीत वाळू द्यायची. इथल्या पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड यांच्याच कोळशाने निघतं.

नाकुरू ज्या रिफ्ट खोऱ्यात आहे, तिथला खडक ज्वालामुखीचा. त्यातून झिरपताना पाण्यात फ्लोराइड उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम, इथल्या कित्येक बोअरचं पाणी तिच्या वर आहे. पाणी उकळलं तर वाफ जाते, फ्लोराइड मागे उरतं, म्हणजे प्रमाण वाढतंच. लहानांचे दात डागाळतात, मोठ्यांचे सांधे आखडतात.

[दृश्य: भट्टी भरताना, मग बंद तोंड]

खरं कसब इथे आहे. भट्टीत हाडं रचतात, धग हळूहळू चढवतात आणि हवा कोंडतात. तापमान ४०० ते ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचं. धग कमी पडली तर मांसाचा, चरबीचा अंश आतच राहतो. हवा जास्त शिरली तर हाड जळून राख होतं.

[दृश्य: हातावर तीन तुकडे, जवळून]

रंग बघा. हा काळाकुट्ट तुकडा कच्चा आहे. याच्यातून आलेल्या पाण्याला पिवळट झाक आणि वास येतो, आणि असं पाणी लोक पीत नाहीत. हा पांढरा फटक तुकडा जास्त जळालेला. त्याची फ्लोराइड धरण्याची ताकद गेली. मधला राखाडी तुकडा घ्यायचा. भट्टीत सगळीकडे धग सारखी नसते, म्हणून प्रत्येक घाण्याचा माल हाताने निवडावाच लागतो.

[दृश्य: चाळण, धुणं]

निवडलेला कोळसा भरडून चाळतात. दाणा साधारण अर्ध्या ते दोन मिलिमीटरचा हवा. भुकटी राहिली तर फिल्टर तुंबतो. दाणा मोठा झाला तर पाणी नुसतंच वाहून जातं. मग पाणी नितळ निघेपर्यंत धुवायचा.

हाडातलं मुख्य खनिज हायड्रॉक्सीअपॅटाइट. पाणी दाण्यांतून जाताना फ्लोराइड त्यातल्या हायड्रॉक्सिल या घटकाची जागा घेतं आणि तिथेच अडकतं. त्याला वेळ लागतो. पाणी थरात किमान वीसेक मिनिटं रेंगाळलं पाहिजे. तोटी पूर्ण सोडली की ही वेळ हातची जाते. फिल्टरच्या बादलीत कोळसा भरताना तो पाण्याखाली भिजवून, थोपटून भरतात. कोरडा भरला तर हवेच्या पोकळ्या राहतात आणि पाणी कडेने वाट काढतं.

हिशेब असा मांडतात. एक ग्रॅम कोळसा अंदाजे ३ मिलिग्रॅम फ्लोराइड धरतो असं समजू. पाण्यात लिटरला ६ मिलिग्रॅम आहे, त्यातलं ५ काढायचं. म्हणजे १० किलो कोळशाला ६ हजार लिटर. घरात रोज २० लिटर लागलं तर ३०० दिवस. हा कागदावरचा आकडा. पाणी बदललं की तोही बदलतो. नाकुरूत कोळशासोबत कॅल्शियम-फॉस्फेटच्या गोळ्या घालून हे आयुष्य वाढवण्याचं कामही झालं आहे.

[दृश्य: तपासणीचं टेबल, इलेक्ट्रोड]

कोळसा संपला हे चवीवरून कळत नाही. पाण्याचा नमुना फ्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडने तपासावाच लागतो. आणि हा फिल्टर जंतू मारत नाही; ती सोय वेगळी करायची.

महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ भागातही फ्लोराइडचा त्रास आहे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने फ्लोराइड काढायला तुरटी आणि चुन्याची नलगोंडा पद्धत काढली. हाडाचा कोळसा आपल्याकडे बऱ्याच घरांत चालणार नाही, आणि तो लादूही नये. चालतो तिथे मात्र कच्चा माल गावातच मिळतो.

[दृश्य: वापरलेला कोळसा, पिंप]

संपलेला कोळसा सौम्य कॉस्टिक सोड्यात भिजवला की फ्लोराइड सोडतो. मग तो भरपूर धुऊन, सोड्याचा क्षारपणा उतरवून पुन्हा वापरतात. धुण्याचं पाणी फ्लोराइडने भरलेलं असतं; ते विहिरीजवळ किंवा शेतात ओतायचं नाही.