मलालाचं हसू

[रावळपिंडी, ऑक्टोबर 2012. लष्करी रुग्णालयाबाहेरचा रस्ता.]

डोक्याला गोळी लागलेली, बेशुद्ध पडलेली पंधरा वर्षांची मुलगी, मलाला युसुफझाई. तिला उपचारांसाठी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला न्यायचं ठरलं. वडील झियाउद्दीन युसुफझाई यांना सोबत जाता आलं असतं. पण पत्नी तूर पेकाई आणि खुशाल, अटल ही दोन मुलं, तिघांकडेही पासपोर्ट नव्हते. लेकीवर गोळी झाडणारे मोकळे फिरत होते. या तिघांना मागे टाकून जायचं कसं?

झियाउद्दीन थांबले. बर्मिंगहॅमच्या डॉक्टर फियोना रेनल्ड्स यांना त्यांनी मलालाची पालक म्हणून नेमलं आणि पोटची मुलगी त्यांच्या हवाली केली. 15 ऑक्टोबरला हवाई रुग्णवाहिका उडाली.

ज्यांचं माणूस कधी आयसीयूत होतं, त्यांना ठाऊक आहे: दाराबाहेरच्या बाकड्यावर नुसतं बसून राहण्याचाही आधार असतो. या घराला आता तोही उरला नव्हता.

[मिंगोरा. शाळेपासून घराकडे जाणारा रस्ता.]

9 ऑक्टोबरला पाकिस्तानच्या स्वात खोऱ्यातल्या मिंगोरा शहरात तालिबानच्या माणसांनी शाळेची गाडी अडवली आणि मुलींच्या शिक्षणासाठी बोलणाऱ्या मलालावर गोळ्या झाडल्या. मलालासोबत शाझिया आणि कायनात या मैत्रिणीही जखमी झाल्या. त्यांच्याही घरी त्या रात्री कोणाचा डोळा लागला नसेल. मलालाला लागलेली गोळी डाव्या डोळ्याजवळून शिरून खांद्यापर्यंत गेली होती. शाळा वडिलांचीच, ते त्या वेळी प्रेस क्लबमधल्या सभेत होते. आणि तूर पेकाई? त्या दिवशी त्या लिहायला-वाचायला शिकायचा पहिला धडा गिरवणार होत्या.

रावळपिंडीच्या आधी तिला पेशावरच्या रुग्णालयात नेलं होतं. तिथे मेंदूवरची सूज वाढत गेली. कर्नल जुनैद खान या न्यूरोसर्जननी सुजलेल्या मेंदूला जागा मिळावी म्हणून कवटीचा एक तुकडा काढला. काढलेलं हाड टिकावं यासाठी ते मलालाच्याच पोटात, त्वचेखाली ठेवलं. अशा शस्त्रक्रियेला संमती देताना बापाचं काय होत असेल, ते शब्दांत मांडायचा प्रयत्न आम्ही करणार नाही.

[बर्मिंगहॅम. क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटल.]

16 ऑक्टोबरला मलाला शुद्धीवर आली. आसपास एकही ओळखीचा चेहरा नाही. श्वासासाठी गळ्यात नळी, त्यामुळे बोलता येईना. तिच्यापुढे इंग्रजी अक्षरांचा तक्ता धरला. एकेका अक्षरावर बोट ठेवत तिने लावलेला पहिला शब्द होता ‘फादर’. दुसरा, ‘कंट्री’. वडील कुठे आहेत आणि आपण कोणत्या देशात आहोत? या सगळ्याचे पैसे कोण भरणार, ही काळजीही तिला लागली होती.

फोनवर वडिलांचा आवाज ऐकू आला. येताना शाळेची पुस्तकं आणा, परीक्षेचा अभ्यास करायचाय, असा निरोप तिने त्यांना दिला.

25 ऑक्टोबरला घरचे पोहोचले. मानेत सुया टोचल्या, टाके काढले, तरी मलाला रडली नव्हती. आईबाबांना पाहिलं आणि बांध फुटला. रडले सगळेच.

‘धोक्याबाहेर’ ही बातमी तोवर जगभर पोहोचली होती. पण घरच्यांसमोर जी मलाला होती, तिच्या चेहऱ्याची डावी बाजू हलत नव्हती. डावी पापणी नीट मिटत नव्हती, डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. ती हसली की तोंड एका बाजूला ओढलं जाई, आणि आईच्या चेहऱ्यावर सावली येई. मलालाने हे टिपलं आणि पुढे सांगितलं. लेक जगली, यासाठी तूर पेकाई देवाचे आभार मानत होत्या. त्याच वेळी तिच्या हरवलेल्या हसण्यासाठी आतून तुटत होत्या. एका आईच्या मनात हे दोन्ही एकदम राहू शकतं, आणि त्यात कृतघ्नपणा नाही.

11 नोव्हेंबरला शल्यविशारद रिचर्ड अर्व्हिंग यांनी साडेआठ तास खपून चेहऱ्याची तुटलेली नस जोडली. नस जोडली म्हणून चेहरा दुसऱ्या दिवशी हलत नाही. नसेचे तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात. मग रोज चेहऱ्याचा व्यायाम, रोज मालिश. घरच्यांनी वाट पाहायची ती ओठाच्या कोपऱ्याची, पापणीच्या जराशा थरथरीची. कित्येक महिने.

जानेवारी 2013च्या सुरुवातीला ती रुग्णालयातून बाहेर पडली. फेब्रुवारीत पुन्हा टेबलावर: कवटीच्या काढलेल्या तुकड्याच्या जागी टायटेनियमची पट्टी, ऐकू यावं म्हणून कानात कॉक्लिअर इम्प्लांट हे यंत्र. पोटात जपलेलं हाड परत बसवलं नाही. मार्चमध्ये ती बर्मिंगहॅमच्या शाळेत जाऊ लागली. संयुक्त राष्ट्रांतलं भाषण, 2014चं नोबेल हे सगळ्यांनी पाहिलंच आहे.

[बोस्टन, ऑगस्ट 2021.]

चेहऱ्याच्या त्याच बाजूसाठी इथे आणखी शस्त्रक्रिया झाल्या. 9 ऑगस्टला झाली ती सहावी. तेव्हा मलाला चोवीस वर्षांची होती आणि कवटीचा तो तुकडा तिच्या पुस्तकांच्या कपाटात होता. अफगाणिस्तानातली शहरं एकामागून एक तालिबानच्या हाती जात होती. रुग्णालयातल्या खाटेवरून ती फोन करत होती, निरनिराळ्या देशांच्या प्रमुखांना पत्रं लिहीत होती, तिथल्या मुलींसाठी.