कापलेला चेंडू
(निवेदन)

(दृश्य: सरावाचा हॉल. फक्त आवाज.)

आधी नुसतं ऐका. पहिला आवाज कडक, टाळी वाजल्यासारखा. तो आक्रमकाच्या टॉपस्पिनचा, म्हणजे चेंडूला पुढे फिरवणाऱ्या फटक्याचा. दुसरा आवाज दबका, जेमतेम ऐकू येणारा. तो चॉपचा, म्हणजे चेंडू खालून कापणाऱ्या फटक्याचा. कडक, दबका. कडक, दबका. या चित्रपटातली बाई दबक्या आवाजाच्या बाजूला उभी आहे.

लिंडा बर्गस्ट्रॉम. स्वीडनमध्ये हे आडनाव ‘बेर्यस्त्रम’च्या जवळपास उच्चारतात, पण आपल्याकडे बर्गस्ट्रॉमच रुळलंय, तर तेच राहू द्या. जन्म 1995 चा. खेळ बचावाचा. टेबल टेनिसच्या भाषेत, चॉपर.

(दृश्य: टेबल बाजूने, लांबून.)

टेबल 2.74 मीटर लांब, 1.525 मीटर रुंद, जाळी 15.25 सेंटिमीटर उंच. बहुतेक खेळाडू टेबलाला खेटून खेळतात. चॉपर मागे सरते, दोन मीटर, तीन मीटर, कधी त्याहून जास्त. प्रेक्षकाला वाटतं, बिचारी रेटली जातेय. तसं नाहीये. मागे गेल्यावर चेंडूचा वेग कमी होतो, तो खाली येऊ लागतो, आणि कंबर ते गुडघा या पट्ट्यात तो आरामात घेता येतो. मागे जाणं ही तिची जागा घेणं आहे.

(दृश्य: फटका, अतिसंथ गतीत.)

हात खांद्याजवळून निघतो. बॅट मागे कललेली. कोपर शरीराजवळ. चेंडू उतरत असताना बॅट त्याच्या खालच्या भागाला घासत पुढे आणि खाली जाते, वजन मागच्या पायावरून पुढच्यावर येतं. पुढचा पाय पाहा, फटका संपायच्या आत तो टेबलाकडे वळलेला आहे, कारण पुढचा चेंडू जाळीपाशी टाकला गेला तर तीन मीटर धावत यायचंय.

यात बिघडतं काय? चेंडू चढत असताना घेतला तर तो वर उडतो आणि समोरची स्मॅश मारते. गुडघ्याच्या खाली गेल्यावर घेतला तर मनगटाने उचलावा लागतो, म्हणजे जाळीत किंवा टेबलाबाहेर. बॅट जास्त उघडली तर चेंडू तरंगतो. सर्वांत जुनी खोड म्हणजे पाय न हलवता हात लांबवणं. सराव देणारा टोपलीतून एकामागून एक चेंडू सोडतो तो मुख्यतः ही खोड मोडायला: दोन लांब, एक आखूड, पुन्हा दोन लांब. हाताला मग आपोआप शिस्त लागते.

(दृश्य: बॅटचा क्लोजअप, दोन्ही बाजू.)

आता बॅट. इथे थोडं थांबू या, कारण अर्धा खेळ इथे आहे.

लाकूड संथ, आणि पातं सहसा नेहमीच्यापेक्षा थोडं मोठं. नियमात बॅटच्या आकाराला, मापाला, वजनाला मर्यादा नाही. फक्त पात्याच्या जाडीत किमान 85 टक्के नैसर्गिक लाकूड हवं. फोरहँडच्या बाजूला प्लेन रबर, चेंडूला पकडणारं. बॅकहँडच्या बाजूला लाँग पिंपल्स, म्हणजे बाहेर काढलेले उंच, मऊ दाणे. दर चौरस सेंटिमीटरला किमान 10, जास्तीत जास्त 30. दाण्याची उंची त्याच्या जाडीच्या 1.1 पटीपेक्षा जास्त चालत नाही. खाली स्पंज असेल तर पातळ. काही जणी स्पंजशिवायच लावतात.

टॉपस्पिन चेंडू प्लेन रबरावर आदळला की रबर त्याला पकडतं आणि फिरकी उलटवतं. म्हणून त्या बाजूने चॉप करायचा तर आलेल्या फिरकीपेक्षा जोरात कापावं लागतं. पिंपल्सवर तोच चेंडू आला की दाणे वाकतात, पकड बसत नाही, चेंडू घसरतो आणि आपल्याच दिशेने फिरत राहतो. त्याची जायची दिशा मात्र आता उलटी झालेली असते. त्यामुळे समोरून आलेला टॉपस्पिन परतताना बॅकस्पिन, म्हणजे उलटी फिरकी, होतो. आक्रमक जितकी फिरकी घालेल, तितकी तिच्याच वाट्याला परत. हलका मारला तर परतणारा चेंडूही जवळजवळ मेलेला.

आणि समोरच्या खेळाडूने नुसता पुश केला, म्हणजे चेंडू हलकेच कापत ढकलला, तर? तिचा बॅकस्पिन पिंपल्सवरून हलका टॉपस्पिन होऊन येतो. तो कापलेला समजून उचलला की गेला टेबलाबाहेर. नवशिके यालाच ‘पिंपल्सची जादू’ म्हणतात. जादू कसली, आपलीच उधारी परत येते.

(दृश्य: बोटांत बॅट फिरवताना.)

हे पाहिलंत? रॅलीच्या मध्येच बॅट उलटली. आता बॅकहँडला प्लेन रबर आलं. हालचाल तीच, चेंडू वेगळा. याच फसवणुकीमुळे दोन बाजूंना दोन रंग सक्तीचे झाले, एक काळा आणि एक लाल. 2021 पासून लालऐवजी गुलाबी, जांभळा, हिरवा, निळाही चालतो. सामन्याआधी बॅट समोरच्याला दाखवावी लागते. दिसतं सगळं. पण चेंडू येईपर्यंत रंग टिपायला वेळ किती, तो प्रश्न वेगळा.

चॉपरवर नियमांनी नेहमीच थोडा दात धरलाय, असं आमचं मत. 2000 मध्ये चेंडू 38 मिलिमीटरवरून 40 चा झाला, फिरकी कमी झाली. 2008 मध्ये घर्षण नसलेली पिंपल्स बाद झाली. 2014 पासून सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिक आलं आणि फिरकी आणखी उतरली. म्हणजे कापायचं जास्त, मिळायचं कमी. म्हणून आजची चॉपर नुसती कापत नाही. आखूड सर्व्हिस, समोरून पुश, आणि तिसऱ्या चेंडूवर फोरहँडने थेट टॉपस्पिन. महिलांमध्ये ही जात अजून जोमात आहे: बेलारूसची व्हिक्टोरिया पावलोविच 2010 आणि 2012 ची युरोपियन विजेती, पोलंडची ली चिएन 2018 ची, जर्मनीची हान यिंग, जपानची हितोमी सातो.

(दृश्य: टेबलाजवळ स्टॉपवॉच.)

हे घड्याळ खास चॉपरसाठी, असं म्हटलं तरी चालेल. गेमला दहा मिनिटं झाली आणि दोघींचे मिळून 18 गुण झाले नसतील, तर नियम बदलतो. एकेक सर्व्हिस आलटून पालटून. परतवणारीने 13 चेंडू नीट परतवले की गुण तिचा. फटके मोजायला वेगळा माणूस बसतो. याच्या मागे मोठा इतिहास आहे. 1937 च्या जागतिक स्पर्धेत, ऑस्ट्रियातल्या बाडेनमध्ये, महिला एकेरीची अंतिम लढत वेळेत संपेना. अमेरिकेची रूथ एरन्स आणि ऑस्ट्रियाची ट्रूडे प्रिट्झी, दोघींनाही बाद केलं गेलं आणि विजेतेपद रिकामं राहिलं. दोघींना संयुक्त विजेत्या ठरवलं गेलं ते 2001 मध्ये.

(दृश्य: स्वीडनचा पिवळा-निळा टी-शर्ट, पाठमोरा.)

स्वीडन म्हटलं की आठवतात ते पुरुष खेळाडू: वाल्डनर, पेर्सन, आणि आता 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधला रौप्यविजेता मोरेगॉर्ड. या रांगेत बाई शोधायला थांबावं लागतं. युरोपियन अजिंक्यपदाची महिला एकेरी स्वीडनकडे दोनदाच आली: 1994 मध्ये बर्मिंगहॅमला मारी स्वेनसन, 2013 मध्ये श्वेखाटला ली फेन. बर्गस्ट्रॉमची पिढी त्यानंतरची.

(दृश्य: गुणफलकाचं ग्राफिक.)

टोकियो ऑलिंपिक, 24 जुलै 2021. महिला एकेरी. समोर भारताची सुतीर्था मुखर्जी, पश्चिम बंगालच्या नैहाटीची. सात गेमपैकी चार जिंकायचे. पहिला बर्गस्ट्रॉमचा, 11-5. दुसरा सुतीर्थाचा, 11-9. तिसरा 13-11, चौथा 11-9, दोन्ही बर्गस्ट्रॉमचे. तीन-एक. आपल्याकडे टीव्हीसमोर बसलेल्यांनी इथे आशा सोडली असेल.

मग हे आकडे पाहा. 11-3. 11-9. 11-5. तिन्ही सुतीर्थाचे. एकूण गुण 69 विरुद्ध 61.

(दृश्य: पुन्हा पाय, संथ गतीत.)

सात गेम चालले की चॉपरचे पाय पहिल्यांदा बोलतात. अर्धं पाऊल उशीर झाला की चेंडू कमरेऐवजी गुडघ्याखाली मिळतो, आणि मग वर सांगितलेल्या सगळ्या चुका एकामागोमाग येतात. दर सहा गुणांनी टॉवेल घ्यायची मुभा असते. ती घाम पुसण्यासाठी कमी, श्वास जमवण्यासाठी जास्त.

पॅरिस 2024. तिथल्या सांघिक सामन्यात दुहेरी पहिली होती आणि दुहेरीत नसलेल्या खेळाडूच्या वाट्याला एकेरीचे दोन सामने होते. लांब रॅलीच्या खेळाडूला ही रचना मानवते. बर्गस्ट्रॉम, क्रिस्टिना केलबर्ग, फिलिपा बर्गांड. स्वीडनच्या मुली उपांत्यपूर्व फेरीत पोहोचल्या आणि दक्षिण कोरियाकडून 3-0 हरल्या. त्याच फेरीत भारताच्या मुली जर्मनीकडून 3-1.

(दृश्य: सराव संपल्यावर. अंगठा पिंपल्सवरून फिरतो.)

हे रोजचं काम. दाणे बुंध्याशी तडकतात, आणि तडकतात ते नेमके मधोमध, जिथे चेंडू सर्वांत जास्त घासतो. डोळ्यांना ते दिसत नाही, अंगठ्याला कळतं. वाकलेला दाणा परत उभा राहतो, तुटलेला बाजूला लोळतो. सामना सुरू झाल्यावर बॅट बदलता येत नाही, ती अपघाताने निकामी झाली तरच. म्हणून तपासायचं ते आताच, आदल्या संध्याकाळी.

एक सापडला. रबर कडेपासून हळूच उचललं, सोलून काढलं. लाकडावरचा जुना गोंद बोटाने गोळा करून त्याची छोटी गोळी केली. नवं रबर पाकिटातून बाहेर.