बॅगेतला दुसरा कॅमेरा आणि येवल्याची पैठणी

मागच्या रांगेपर्यंत ऐकू येतंय ना? बरं. विषय दिलाय 'मीडियम फॉरमॅट डिजिटलसाठी परवडणारा बॅकअप', म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या सेन्सरचा महागडा कॅमेरा ऐनवेळी बंद पडला तर बॅगेत दुसरा कोणता, आणि वेळ वीस मिनिटं, त्यातली पाच माइकनेच खाल्ली. मीडियम फॉरमॅट आणि परवडणारा हे शब्द एका वाक्यात आले की आमच्या घरी हसतात, तुम्हीही हसून घ्या.

सेन्सरचं पुराण तुमच्यासमोर लावत नाही, तुम्हाला सगळं माहितीय. थेट येवल्याला जाऊ. पैठणीच्या कॅटलॉगचं काम होतं, चाळीस साड्या, विणकरांच्या घरातच शूट. कॅमेरा फुजीचा जीएफएक्स ५०एस, २०१७ साली आलेला तोच, ट्रायपॉडवर, केबलने लॅपटॉपला जोडलेला. बावीस साड्या झाल्या, चहा आला, मी कप घ्यायला वळलो आणि त्या केबलमध्ये पाय. माझाच पाय हो, दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही! ट्रायपॉडसकट कॅमेरा फरशीवर, लेन्सचा माउंट वाकडा. चहा मात्र सांडला नाही, हे बायकोला मुद्दाम सांगितलं तर म्हणाली, कॅमेऱ्याऐवजी चहा सांडला असता तर?

पण मी काही कच्चा खेळाडू नव्हतो, बॅकअप होता ना बॅगेत! दुसऱ्या ब्रँडचा फुल फ्रेम, म्हणजे मीडियम फॉरमॅटपेक्षा लहान सेन्सरचा, सेकंड हॅन्ड, दोन वर्षं पाठीवर वाहिलेला. रुबाबात बाहेर काढला. आणि मग एकेक गंमत. मॅक्रो लेन्स त्याला लागत नाही. बॅटरी एकच, तीही अर्धी. रंगाची पट्टी धरून सकाळी जे प्रोफाइल बनवलं, म्हणजे रंग खरे दिसावेत याचा हिशेब, ते पडलेल्या कॅमेऱ्याचं. म्हटलं, असू दे, नंतर जुळवू.

तेविसावी साडी नेमकी धूपछांव. उभा धागा जांभळा, आडवा मोरपंखी, जरा हलवली की रंग पलटतो, पदरावरचे मोर तर प्रत्येक कोनातून वेगळे. मागावर बसलेल्या आजी उठून आल्या, लॅपटॉपच्या स्क्रीनकडे बघितलं, मग साडीकडे, परत स्क्रीनकडे आणि म्हणाल्या, "ही आमची नाही बाबा." बस! दोन दिवस स्लायडर ओढत बसलो, जांभळा आला की मोरपंखी जायचा. त्यात कॅटलॉगवाल्या पोरीचा फोन, "सर, पुढचे फोटो लांबट का आहेत?" कारण जीएफएक्सची फ्रेम चारास तीन आणि फुल फ्रेमची तीनास दोन, तिची सगळी पानं चारास तीनवर बांधलेली. अठरा साड्यांचे काठ कापायचे कुठे, सांगा. पैठणीचा काठ कापतात का कुणी?

आता अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, सात मिनिटं. म्हणजे खरं व्याख्यान आत्ता सुरू होतंय.

तर माझं म्हणणं एवढंच की बॅकअप हा पाहुणा नको, जुळा भाऊ हवा, थोडा म्हातारा चालेल. ५०एसला जुळा कोण, तर २०१८ चा ५०आर. तोच ५१.४ मेगापिक्सेलचा सेन्सर, त्याच लेन्स, तीच एनपी-टी१२५ बॅटरी, फ्लॅश सिंकही, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारा सगळ्यात वेगवान शटरही तोच, सेकंदाचा १/१२५. रूप वेगळं, स्क्रीन आडव्या फ्रेमलाच वाकते, केबल टाइप-सी लागते ती वेगळी घ्यायची, पण रंग जुळतो आणि आजी ओरडत नाहीत. मग लोक म्हणतात ५०एस टू का नको, तो नवा, २०२१ चा, आत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात जरा हलला तरी सांभाळून घेतो. छानच आहे, पण त्याला एनपी-डब्ल्यू२३५ लागते, म्हणजे चार्जर दोन, बॅटऱ्या दोन जातीच्या, आणि गडबडीत हातात नेमकी चुकीची येणार. मुख्य कॅमेरा फुजीचाच १००एस असेल तर मात्र ५०एस टूच घ्या, त्या दोघांची बॅटरी एक.

लेन्सचं पटकन. तो ३५-७० चा साधा झूम सेकंड हॅन्ड मिळतो, एफ ४.५ पासून सुरू, म्हणजे लेन्सचं भोक फार मोठं उघडत नाही, पण स्टुडिओत एफ ८ च्या अलीकडे येतंय कोण. त्याहून स्वस्त हवं तर जुन्या मामिया ६४५ या फिल्म कॅमेऱ्याची ८० एमएम आणि एक ॲडॉप्टर. फोकस हाताने, पण साडी काय पळून जाते? फिल्मच्या ५६ बाय ४१.५ मिमी फ्रेमसाठी बनलेली लेन्स, ४४ बाय ३३ चा सेन्सर ती आरामात झाकते.

आणि बॉडी घ्यायच्या आधी, ऐका, आधी दोन कार्डं, दोन्ही स्लॉटमध्ये, एकाच वेळी दोन्हींवर लिहायला लावा. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, अनकम्प्रेस्ड ठेवली तर एकेक शंभर एमबीच्या वर जाते, तेव्हा लॉसलेस कम्प्रेस्ड, म्हणजे काही न गमावता दाबलेली, ठेवा. जास्तीची केबल, फ्लॅश उडवणारा जास्तीचा ट्रिगर, ट्रिगरचे सेल. बॉडीच्या मानाने हा सगळा खर्च म्हणजे लेन्सचं झाकण. हो, झाकणही जास्तीचं घ्या.

फुल फ्रेम बॅकअप वाईटच असं नाही हं, लग्नाला, कार्यक्रमाला घेऊन जा, तिथे कुणी दोन फोटो शेजारी ठेवून जांभळा तपासत नाही. आणि वर्षातून दोनदाच मोठं काम असेल तर विकतच घेऊ नका, त्या दोन दिवसांपुरता भाड्याने आणा, फक्त आदल्या संध्याकाळी आणा आणि पट्टीचा एक फोटो काढून बघा, सकाळी नव्हे.

झालं, झालं, बसतो. माझी बॅग मागच्या टेबलावर उघडी ठेवलीय, बघा खुशाल, काचेला बोट लावू नका. आणि ती केशरी केबल दिसतेय ना, तीच ती, आता टेबलाच्या पायाला बांधून ठेवतो.