सरकारला आकडे कोण पुरवतं?

नमस्कार. बडे उद्योग सरकारी धोरणं आपल्याला हवी तशी कशी वळवतात, असा विषय निघाला की आधी आठवतात पैशांची पाकिटं आणि निवडणुकीच्या देणग्या. ते चालतंच. पण मला त्याहून जास्त घातक वाटते ती गोष्ट वेगळी आहे. निर्णयासाठी लागणारी माहिती सरकारला देतं कोण?

पेट्रोलमधल्या शिशाचंच बघा.

1921 साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिज्ली यांना सापडलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग जरासं मिसळलं की इंजिनाचं नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक, थांबतं. शिसं विषारी असतं हे तेव्हाही डॉक्टरांना पक्कं माहीत होतं. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणारे पाच कामगार दगावले. मरण्याआधी त्यांना भ्रम होत होते, त्यांना आवरणं कठीण झालं होतं. मग मिज्लींनी पत्रकारांना बोलावलं, त्यांच्यासमोर ते द्रव हातांवर ओतून घेतलं आणि बाटली नाकाशी धरून मिनिटभर हुंगली. आदल्याच वर्षी हा माणूस शिशाच्या विषबाधेमुळे रजेवर गेला होता!

1925 मध्ये सरकारने परिषद बोलावली. काही डॉक्टरांनी तिथे ठाम विरोध केला. तज्ज्ञ समिती नेमली गेली. तिने सांगितलं, बंदी घालण्याइतका आधार सापडत नाही, मात्र अभ्यास चालू ठेवा.

आता इथे थांबा. हा अभ्यास पुढे केला कोणी? मुख्यतः डॉ. रॉबर्ट केहो यांच्या प्रयोगशाळेने. तिला पैसा कोणाचा? शिसं आणि मोटारी विकणाऱ्या कंपन्यांचा. केहो म्हणत, शरीरात थोडं शिसं असणं नैसर्गिकच आहे, अपाय होतो हे आधी सिद्ध करा. आणि सिद्ध करायची साधनं जवळपास सगळी त्यांच्याच हातात. असं चाळीसएक वर्षं चाललं. यात लाच शोधत बसायची गरजच पडत नाही.

नियमाचा मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मुदत कमी, विषय किचकट. कंपनीकडे प्रयोगशाळा आहे, वकील आहेत, तयार तक्ते आहेत. या पेट्रोलचा धूर ज्यांची मुलं श्वासातून घेतात, त्यांच्याकडून टेबलावर एक कागदही येत नाही. उद्योगांना विचारूच नये, असं मी म्हणत नाही. यंत्र कसं चालतं हे त्यांनाच ठाऊक असतं. पण ते सुरक्षित आहे की नाही, हेही त्यांनाच विचारायचं?

1965 मध्ये क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की माणसांच्या अंगातलं शिसं नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट वर गेलंय. त्यानंतर त्यांचा संशोधन निधी आटला. 1973 मध्ये सरकारने पेट्रोलमधलं शिसं कमी करायचा नियम आणला, तर हे रसायन विकणारी कंपनी कोर्टात गेली. 1976 मध्ये ती हरली. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी पूर्ण बंदी यायला 1996 उजाडलं.

आणि गाड्यांसाठीच्या शिसंवाल्या पेट्रोलचा जगातला शेवटचा साठा अल्जीरियाच्या पंपांवर संपला तो जुलै 2021 मध्ये. बेवेचे कामगार जाऊन तोवर शहाण्णव वर्षं उलटली होती.